दांडी ओढली की शेपटीपर्यंत काय पोचतं?

एअरबसच्या ए३२० या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये कॅप्टनच्या डाव्या हाताशी एक छोटी दांडी असते. तिला साइडस्टिक म्हणतात. ती जराशी मागे झुकवली, की पाठीमागे तीसेक मीटरवर शेपटीतली एलेव्हेटर नावाची फळी वर उचलली जाते आणि विमानाचं नाक वर येतं. दांडी आणि फळी यांना जोडणारी तार किंवा सळई मात्र कुठेही नाही. आहेत त्या विजेच्या वायरी, आणि त्यांच्या वाटेत बसलेले संगणक. म्हणून या पद्धतीला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. नाव वायरींचं असलं, तरी खरा बदल घडवला तो वाटेतल्या संगणकांनी.

पूर्वी वैमानिकाच्या हाताचं बळ पोलादी तारा आणि कप्प्यांवरून थेट फळीपर्यंत जायचं. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. त्यामुळे मोठी जेट विमानं आल्यावर नुसत्या दंडाच्या ताकदीवर फळ्या हलवणं अवघड झालं आणि हायड्रॉलिक्स आलं. वातावरणाच्या साधारण दोनशेपट दाबाखालचं तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन फळीला. तारा तेव्हाही राहिल्याच, फक्त फळी ओढायचं सोडून त्या तेलाचा व्हॉल्व्ह हलवू लागल्या.

या तारांची जागा विजेने घ्यावी, हा विचार बराच जुना आहे. कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाची नियंत्रणं विजेवर चालायची, पण ती अ‍ॅनालॉग होती, म्हणजे आकड्यांऐवजी विजेच्या कमी-जास्त दाबावर चालणारी. २५ मे १९७२ रोजी नासाने एफ-८ क्रुसेडर हे लढाऊ विमान डिजिटल संगणकाच्या भरवशावर उडवलं. तो संगणक होता चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानातला. प्रवासी विमानात हे डिजिटल धाडस एअरबसने केलं. त्यासाठी हट्ट धरणाऱ्यांत बर्नार झिग्लर हे अभियंते आणि चाचणी-वैमानिक सर्वांत पुढे होते. ए३२० चं पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी झालं आणि पुढच्या वर्षी ते प्रवासी सेवेत आलं.

आता दांडीकडे परत येऊ. जुन्या विमानात दांडी ओढणं म्हणजे 'फळी एवढी उचल' असं सांगणं. फ्लाय-बाय-वायरमध्ये फळीविषयी वैमानिक काही बोलतच नाही. सरळ उडताना आपण आपल्या वजनाइतकेच खुर्चीवर टेकलेले असतो, त्याला एक 'जी' म्हणतात. दांडी मागे ओढणं म्हणजे 'मला एकापेक्षा जास्त जी दे' अशी मागणी. दांडी सोडली की मागणी पुन्हा एक जीची होते, आणि विमान ज्या वाटेने चाललं होतं तीच वाट धरून राहतं. त्यासाठी एलेव्हेटर किती अंश हलवायचा, हे संगणक ठरवतो. तो वळणं मोजणाऱ्या जायरोंकडून आणि वेगातला बदल मोजणाऱ्या प्रवेगमापकांकडून विमानाची हालचाल सतत ऐकत असतो. मागितलं तेवढं मिळालं का ते बघतो, कमी पडलं तर फळी आणखी हलवतो, जास्त झालं तर मागे घेतो. त्यामुळे दांडी तेवढीच ओढली तरी कमी वेगात फळी खूप हलते आणि जास्त वेगात अगदी थोडी. वैमानिकाला मिळणारा प्रतिसाद मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखाच.

डावी-उजवीकडेही हेच. दांडी बाजूला झुकवली की विमान किती झपाट्याने कलावं ते मागितलं जातं, सेकंदाला जास्तीत जास्त १५ अंश. वीस अंशांवर दांडी सोडली तर विमान वीस अंशांवरच कललेलं राहतं. साध्या विमानात फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखाच्या पट्ट्या, बाहेर काढले किंवा इंजिनाचा जोर वाढवला की नाक वरखाली होतं, आणि ते सावरण्यात वैमानिकाचा हात गुंतून राहतो. इथे ते सावरणं संगणकाकडे गेलं. त्यामुळे वैमानिकाची जी दमणूक वाचली, तिला मी या तंत्राची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी देणगी मानतो.

मागणी करणारा एक आणि अंमल करणारा दुसरा, असं झालं की अंमल करणाऱ्याला नकारही देता येतो. एअरबसचा संगणक विमानाला ६७ अंशांपलीकडे कलू देत नाही. ३३ अंशांच्या पुढे कलवून दांडी सोडली, तर तो विमान आपणहून ३३ वर आणतो. फ्लॅप आत असताना २.५ जीच्या वर ताण येऊ देत नाही. सर्वांत मोलाची मर्यादा आहे पंख हवेला सामोरा जातो त्या कोनाची. हा कोन वाढत जातो तशी पंखाची उचल वाढते, पण एका टप्प्यानंतर हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. सगळं ठीक चालत असताना एअरबसमध्ये दांडी पूर्ण मागे खेचून धरली, तरी संगणक कोन त्या टप्प्याच्या अलीकडेच रोखतो. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिनांचा जोर गेलेलं ए३२० हडसन नदीत उतरलं, तेव्हा शेवटच्या क्षणांत वैमानिकाने दांडी मागे खेचून धरली होती आणि संगणकाने स्टॉल होऊ दिला नाही. १५५ जण वाचले. या अपघाताच्या चौकशीत असंही आढळलं, की संगणकाच्या एका नियमाने नाक हवं होतं तेवढं वर येऊ दिलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात.

बोइंगने १९९५ साली सेवेत आणलेल्या ७७७ मध्ये वेगळी वाट घेतली. तिथे मोठं पारंपरिक कंट्रोल कॉलम, म्हणजे वैमानिकासमोरचा उभा दांडा, ठेवलं. मर्यादेजवळ गेलं की ते हाताला जड होत जातं, पण जोर लावला तर मर्यादा ओलांडता येते. शेवटचा शब्द माणसाचा की संगणकाचा, यावर वैमानिकांमध्ये आजही वाद होतात, आणि मला दोन्ही बाजू पटतात. एका बाबतीत मात्र माझं मन बोइंगकडे झुकतं. बोइंगची दोन्ही कंट्रोल कॉलम एकत्र हलतात. एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. सहवैमानिकाने दांडी ओढली तर कॅप्टनच्या हाताला ते कळत नाही, आणि दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो. तसा इशारा दिला जातो, दुसऱ्याची दांडी बाद करायचं बटणही आहे. तरीही हाताला आपोआप कळणं वेगळं आणि कानाने ऐकून समजणं वेगळं. गल्फस्ट्रीम जी५०० सारख्या नव्या विमानात दोन्ही साइडस्टिक विजेच्या साहाय्याने एकत्र हलतात, म्हणजे यावर उपाय निघू शकतो.

पण मुळात संगणकावर एवढा भरवसा टाकायचा कसा? अभियंत्यांचं उत्तर असं, की एकावरही टाकायचा नाही. ए३२० मध्ये नियंत्रणाचे सात संगणक असतात: दोन एलेव्हेटर आणि एलेरॉनसाठी (विमान कलवणाऱ्या पंखांच्या टोकाकडच्या फळ्या), तीन स्पॉइलर (पंखाच्या पाठीवर उघडणाऱ्या फळ्या) आणि एलेव्हेटरसाठी, दोन रडरच्या (शेपटीतली उभी फळी) कामासाठी. पहिल्या प्रकारात मोटोरोला ६८००० कुळातला प्रोसेसर आहे, तर दुसऱ्यात इंटेलचा ८०१८६. कारण एकाच बनावटीची चिप सगळीकडे वापरली, तर तिच्यातली चूकही सगळीकडे असणार. प्रत्येक संगणकाचेही आत दोन भाग. एक आज्ञा देतो, दुसरा तेच गणित स्वतंत्रपणे करून पहिल्यावर नजर ठेवतो, आणि त्यांचे प्रोग्रॅम वेगवेगळे लिहिलेले. उत्तरं जुळली नाहीत तर तो संगणक स्वतःला बाजूला काढतो आणि काम पुढच्याकडे जातं. इथे गप्प बसलेला संगणक परवडतो, ठामपणे चुकीचं सांगणारा परवडत नाही. ७७७ मध्ये मुख्य संगणक तीन, प्रत्येकात स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या तीन मार्गिका आणि तीन वेगळ्या बनावटीचे प्रोसेसर. विमान गमावण्याइतका बिघाड अब्ज उड्डाण-तासांत एकदासुद्धा अपेक्षित असू नये, या पातळीची मोजपट्टी इथे लावलेली असते.

ताकदीच्या बाबतीतही असाच अविश्वास आहे. ए३२० मध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन वेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा असतात. प्रत्येक एलेव्हेटरला दोन पिस्टन, एक काम करतो आणि दुसरा तयारीत असतो. वीज गेली तर पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरून गरजेपुरती शक्ती देतो. ए३८० मध्ये तिसरी हायड्रॉलिक यंत्रणा काढून त्याऐवजी स्वतःचा छोटा पंप असलेले विजेवरचे पिस्टन बसवले.

एवढा संशय पोसल्यावर एक अडचण येतेच. सगळ्यांचंच म्हणणं संशयास्पद वाटू लागलं तर? अशा वेळी संगणक पायरीपायरीने अधिकार सोडतो. सुरुवातीची पायरी 'नॉर्मल लॉ', मग 'ऑल्टरनेट लॉ', त्यात स्टॉलपासूनचं संरक्षण निघून जातं. शेवटी 'डायरेक्ट लॉ', म्हणजे दांडी हलेल तेवढी फळी हलेल. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात, अटलांटिकवर रात्री, वेग मोजणाऱ्या नळ्या काही काळ बर्फाने तुंबल्या. वेगाचे आकडे जुळेनात. ऑटोपायलट बाजूला झाला आणि एअरबसचं ए३३० जातीचं ते विमान ऑल्टरनेट लॉमध्ये गेलं. संगणकाने नियमाप्रमाणेच केलं, 'मला खात्री नाही, तुम्ही बघा' असं म्हणून त्याने विमान माणसांच्या हाती दिलं. वैमानिकाने दांडी मागे ओढली आणि बराच काळ मागेच ठेवली. विमान स्टॉल झालं आणि ऑटोपायलट बाजूला झाल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात कोसळलं. २२८ माणसं गेली. बर्फ त्याच्या कितीतरी आधी वितळला होता.

आठ महिने आधी नेमकं उलटं घडलं होतं. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासच्या ७२ क्रमांकाच्या उड्डाणातल्या ए३३० ने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अचानक नाक खाली घातलं. पट्टे न बांधलेली माणसं छतावर आदळली, शंभराहून जास्त जखमी झाले. पंखाच्या कोनाचे तीन आकडे येत होते आणि त्यांतल्या एकात मधूनच खोट्या उड्या येत होत्या. अशी उडी दिसली की संगणक १.२ सेकंदांपुरता उडीच्या आधीचाच आकडा धरून बसायचा. पण ती मुदत संपते न संपते तोच पुढची उडी आली, आणि खोटा आकडा खरा मानला गेला. स्टॉल टाळण्यासाठी संगणकाने नाक खाली ढकललं, स्टॉल नसताना. तिन्ही आकडे समोर होते, दोन एकमेकांशी जुळत होते, तरीही वेळेच्या एका फटीतून चूक आत शिरली. नंतर तो नियम बदलण्यात आला. २०२५ च्या नोव्हेंबरात तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे ए३२० कुळातल्या विमानांत नियंत्रणाची माहिती बिघडू शकते असं आढळलं, आणि एअरबसला जगभरच्या हजारो विमानांत तातडीने दुरुस्ती करून घ्यावी लागली.

शेवटी विमान उतरतं तेव्हाची गोष्ट. वैमानिकाला धावपट्टीजवळ दांडी हळूहळू मागे ओढत नाक उचलायची सवय असते. पण दांडी सोडली तरी वाट धरून राहणाऱ्या विमानात असं सतत ओढत राहण्याची गरजच उरत नाही, आणि सरावलेला हात गोंधळतो. म्हणून ए३२० चा संगणक ५० फुटांवर नाकाचा कोन लक्षात ठेवतो, आणि ३० फुटांपासून पुढच्या ८ सेकंदांत नाक हळूहळू खाली, आडव्या रेषेच्याही दोन अंश खाली, न्यायला लागतो. वैमानिकाला ते जाणवतं आणि तो जुन्या सवयीने दांडी मागे ओढतो. चाकं टेकतात. मग संगणक नियम पुन्हा बदलतो आणि जमिनीवर असेपर्यंत दांडी जेवढी हलेल तेवढीच फळी हलते.