स्वादुपिंडाला टाका घालताना

माझ्या भाच्याला सायकलचं हँडल पोटात लागलं तेव्हा तो ११ वर्षांचा होता. नागपुरात, मानेवाड्यात, घराजवळच पडला. पोटावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल वळ, बाकी काही नाही. संध्याकाळी खेळलासुद्धा. रात्री उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये दिसलं की हँडल आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चेपून स्वादुपिंड फाटलंय, आतली नळीही तुटलीय. शेपटाकडचा भाग काढावा लागला.

मला वाटत होतं, लेकरू आहे, निरोगी आहे, लवकर भरून येईल. सर्जननी सांगितलं ते नेमकं उलटं. वर्षानुवर्षं सुजत राहिलेलं स्वादुपिंड कडक होतं, त्यात टाका धरतो. धडधाकट मुलाचं स्वादुपिंड इतकं मऊ की दोरा ओढला तर तोच त्याला कापत जातो. आतली नळी तर जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. तरुण मुलींच्या स्वादुपिंडात आढळणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी नावाची गाठ काढतानाही हीच अडचण येते. ती गाठ पूर्ण काढली की बहुतेक मुली बऱ्या होतात, पण उरलेलं स्वादुपिंड मऊच असतं. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त भीती असते ती कापलेल्या कडेतून स्वादुपिंडाचा पाचक रस पाझरण्याची. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात.

त्यासाठीच पोटातून एक ड्रेन, म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर नेणारी नळी, काढलेली असते. तिसऱ्या दिवसापासून त्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम) रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त निघालं, तर रस गळतोय असं समजतात. पण २०१६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नुसता आकडा वाढला आणि रुग्णाला त्रास नसला, तर तो फिस्टुला धरत नाहीत. भाच्याची ड्रेन तीन आठवडे राहिली. शर्टाखाली पिशवी लपवून तो गच्चीवर पतंग बघायला जायचा. गळती आपोआप थांबली.

अशी गळती बरेचदा थांबते. मात्र साचलेल्या रसात जंतुसंसर्ग झाला, तर तो रस जवळच्या धमनीची भिंत पोखरू शकतो. ड्रेनमध्ये चमचाभर लाल रक्त दिसणं हा मोठ्या रक्तस्रावाचा इशारा असू शकतो, आणि तो घरी गेल्यावरही येतो. गडचिरोली, बालाघाटहून नागपुरात येऊन वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या प्रत्येक आईबापाला डिस्चार्जच्या वेळी हे नीट सांगायलाच हवं. रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

स्वादुपिंडाच्या शेपटाच्या टोकाला पाणथरी (प्लीहा) असते. मुलांमध्ये ती वाचवण्याचा आटोकाट प्रयत्न करतात, कारण ती गेली की न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जिवावर उठू शकतात. काढावीच लागली तर लसी घ्याव्या लागतात आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक तापाला तातडीनं डॉक्टर गाठावा लागतो.

उरलेल्या स्वादुपिंडाचा पाचक रस कमी पडला, तर शी तेलकट, चिकट होते, फ्लश केली तरी जात नाही. मूल खातं पण वाढत नाही. घरचे मग तर्री बंद करतात, तूप बंद करतात. वाढत्या वयात ही उपासमार होते. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल देता येतात, पहिल्या घासाबरोबरच. इन्सुलिन कमी पडून मधुमेह मात्र काही वर्षांनीही डोकावू शकतो.

भाचा आता सोळाचा आहे. कॅप्सूल लागत नाहीत. साखर दरवर्षी तपासतो, आणि ताईनं फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात त्याच्या उंचीची खूण वर सरकतेय.