टीव्हीवर संगीत नाटक बघितलं की थेटरातली खुर्ची रिकामी राहते का?

मागे एकदा आई टीव्हीवर ‘संगीत सौभद्र’चं रेकॉर्डिंग बघत बसली होती, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी उठेना, आणि पद संपल्यावर पहिलं वाक्य काय तर, "शिवाजी मंदिरला लागलंय का रे हे?" आता आपली समजूत अशी की घरबसल्या फुकट मिळालं की तिकीट काढून दादरला कोण जाणार! आईचं नेमकं उलटं झालं.

अर्थशास्त्रात दोन शक्यता धरतात. एकतर एक वस्तू दुसरीची जागा घेते, जसं चहाऐवजी कॉफी, नाहीतर एकीमुळे दुसरीला मागणी येते, वडा आणि पावासारखं. मग पडद्यावरचं नाटक कॉफी की पाव?

लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपली नाटकं सिनेमागृहांत थेट दाखवायला घेतली (आपल्याकडे मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात दाखवतात ती याच उपक्रमातली). नेस्टा या ब्रिटिश संस्थेने २०१४ मध्ये नाट्यगृहांच्या तिकीटविक्रीचे आकडे तपासले. इथे नुसतं आधी किती आणि नंतर किती असं बघून भागत नाही, कारण मधल्या काळात तिकिटं महागतात, परीक्षा येतात, मंदी येते, म्हणून जिथे प्रक्षेपण जास्त पोचलं आणि जिथे कमी पोचलं त्यांची तुलना करावी लागते. प्रेक्षक घटल्याचं काही दिसलं नाही, उलट लंडनमध्ये जिथे जास्त पोचलं तिथे थोडे वाढलेच.

अर्थात सिनेमागृहात जाणारा माणूस घराबाहेर पडलेलाच असतो, टीव्हीचं तसं नाही. १९५७ साली अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीवर ‘सिंड्रेला’ हे संगीत नाटक दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितलं, पण ते लिहिलंच टीव्हीसाठी होतं, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थेटरांत, यायला २०१३ उजाडलं. आवडलं तरी लोक जाणार कुठे? याउलट २००६ मध्ये बीबीसीने ‘साउंड ऑफ म्युझिक’ची नायिका टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडली आणि त्याच वर्षी ती लंडनच्या पॅलेडियम थेटरात उभी राहिली. तिला बघायचं तर कुठे जायचं हे प्रेक्षकाला आधीच माहीत होतं!

संगीत नाटकाच्या बाबतीत मला अजून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. रहस्यनाटकाचा शेवट टीव्हीवर कळला तर मजा गेली, पण नाट्यपदाचं तसं नसतं हो, तिथे पद पाठ असणाराच आधी ‘वन्स मोअर’ देतो! तीच तान आज हा गायक कशी घेतो, ऑर्गन कसा भरतो, समेवर सगळं थेटर एकदम कशी मान हलवतं, हे टीव्हीच्या स्पीकरमधून येत नाही आणि म्हणूनच ओढ लागते.

आपल्याकडे हे मोजणं फार अवघड नाहीये. टीव्हीवर एखादं संगीत नाटक दाखवायच्या आधी आणि नंतर ऑनलाइन बुकिंगचे पिनकोड बघायचे आणि ज्या नाटकाचं प्रक्षेपण झालंच नाही त्याच्या बुकिंगशी ताडून बघायचं. दादर, पार्ले, ठाणे, एवढ्यावरही बरंच कळेल. त्यासाठी आधी प्रयोग तरी लागायला हवा. आईने त्या रविवारी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान दोनदा बघितलं, मुंबईत त्या आठवड्यात सौभद्र कुठेच नव्हतं.