दिवोनुसो: मातीच्या पाटीवरचा देव

डायोनायसस हा ग्रीकांचा मद्यदेव मुळात ग्रीक नाहीच, असे शंभर वर्षांपूर्वीचे बहुतेक युरोपीय अभ्यासक धरून चालले होते. बेभान नाच, डोंगरदऱ्यांत रात्री जागवणाऱ्या भक्तिणी, मुखवटे हे सगळे शिस्तप्रिय ग्रीकांच्या स्वभावात बसेना. होमरच्या महाकाव्यांत त्याचा उल्लेख अगदी मोजका. खुद्द ग्रीक नाटककारानेच त्याला लिडियाहून, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातून, आलेला दाखवले आहे. तेव्हा हा देव ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेस प्रांतातून किंवा आशिया मायनरातून उशिरा आला, असा निष्कर्ष निघाला.

त्याला धक्का दिला तो मातीच्या पाट्यांनी. दक्षिण ग्रीसमधल्या पायलोस इथला राजवाडा इ.स.पू. 1200 च्या सुमारास जळाला आणि त्या आगीत कोठारांच्या हिशेबाच्या कच्च्या पाट्या भाजून टिकाऊ झाल्या. कार्ल ब्लेगन यांनी 1939 साली त्या उकरून काढल्या. त्यांवरची 'लिनियर बी' लिपी 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने उलगडली आणि आतली भाषा चक्क ग्रीक निघाली. पायलोसच्या एका तुकड्यावर अक्षरे होती: दि-वो-नु-सो-यो. म्हणजे 'दिवोनुसोसचे'.

पण हा देव, की त्या नावाचा एखादा माणूस? तुकडा मोडका, त्यामुळे शंका राहिली. ती फिटली 1990 च्या सुमारास, क्रीट बेटावरच्या खानिया शहरात. तिथल्या पाटीवर झ्यूसच्या, म्हणजे ग्रीकांच्या मुख्य देवाच्या, देवस्थानात पाठवलेल्या मधाची नोंद आहे: झ्यूसला मध, आणि लगेच खालच्या ओळीत दि-वो-नु-सोला मध. देवळाच्या हिशेबात झ्यूसशेजारी बसलेला हा देवच. 'उपरा, उशिरा आलेला' म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तो होमरच्या पाचएकशे वर्षे आधीपासून ग्रीकांच्या देवघरात होता! कारकुनाच्या एका रुक्ष नोंदीने एवढा मोठा सिद्धांत मोडीत काढावा, हे मला फार विलक्षण वाटते.

नावाची ही जुनी रूपे संस्कृत जाणणाऱ्याला परकी वाटणार नाहीत. नंतरच्या ग्रीकमधून 'व' हा ध्वनी गळाला आणि 'दिवोस'चे 'दिओस' झाले. हे 'दिवोस' म्हणजे झ्यूस या नावाची षष्ठी, आणि तेच संस्कृतातले 'दिवः', म्हणजे 'द्यौः'ची षष्ठी. पायलोसच्या नावाला लागलेला 'यो' हा प्रत्ययही 'देवस्य'मधल्या 'स्य'चा भाऊबंद. उरलेल्या 'नुसोस'वर मात्र अजून एकमत नाही. कोणी त्याचा अर्थ 'मुलगा' लावतो, कोणी त्याला नायसा या पर्वताशी जोडतो. मला दोन्ही अर्थ अर्धवटच पटतात. 'झ्यूसचा मुलगा' हे कथेशी जुळते खरे, पण सोयीच्या व्युत्पत्तीपासून सावध राहिलेले बरे.

डायोनायससचे बाकस हे दुसरे नाव ग्रीकमध्ये 'बाक्खोस'. त्याचा धागा मात्र लिडियाकडे जातो. तिथल्या सार्डिस नगरात एक छोटा द्विभाषिक लेख सापडला आहे, नान्नास नावाच्या माणसाने आर्टेमिस देवीला केलेल्या अर्पणाचा. ग्रीक ओळीत त्याच्या बापाचे नाव दिओनुसिक्लेस आहे, लिडियन ओळीत त्याच जागी 'बाकि'ने सुरू होणारे नाव. म्हणजे लिडियन लोकांचा 'बाकि' तोच ग्रीकांचा डायोनायसस. जुने पंडित अगदीच चुकले नव्हते म्हणायचे. देव घरचा, पण त्याचे एक नाव बहुधा शेजारचे.

रोमनांनी हेच नाव उचलले, शिवाय आपल्या लिबेर या देवाशी त्याची सांगड घातली. रोमनांचे इटलीतलेच शेजारी एट्रस्कन लोक त्याला फुफ्लुन्स म्हणत. इ.स.पू. 186 मध्ये रोमच्या सिनेटने बाकसच्या गुप्त उत्सवांवर कडक निर्बंध आणले. त्या हुकुमाचा ब्राँझचा पत्रा आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यावर उत्सवस्थानासाठी 'बाकानाल' असे कोरले आहे, एकाच साध्या 'क'ने. जोडाक्षरातला 'ख' तेव्हाच्या लॅटिन लेखनात उतरतच नसे.

पूर्वेकडे हे नाव माणसांच्या रूपाने आले. पंजाबच्या भागात इ.स.पू. पहिल्या शतकात डायोनिसियोस नावाचा हिंद-ग्रीक राजा होऊन गेला. हे नावच मुळी या देवावरून पडलेले. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृतात, 'महाराजस त्रातरस' (तारणहार महाराजाचे) या बिरुदापुढे त्याचे नाव.