चिपाडाचा आंबटपणा आणि बोर्डाची पकड

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रस निघाला की चिपाड उन्हात वाळतं आणि चुलवाणात जातं. त्याच चिपाडाचे तंतू दाबून फायबरबोर्डही होतो. मात्र लाकडाच्या तंतूला बसवलेलं रेझिन (गोंद) आणि हार्डनर (गोंद घट्ट करणारं द्रव्य) यांचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावलं, तर बोर्ड कच्चा निघतो. दोष गोंदाला दिला जातो, मूळ बहुतेक वेळा तंतूत असतं.

चिपाडात सेल्युलोज साधारण 40 ते 45 टक्के, हेमिसेल्युलोज 25 ते 30 आणि लिग्निन 20 टक्क्यांच्या आसपास असतं. 160 ते 180 अंश सेल्सिअसच्या वाफेत तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं आणि तंतू फारसे न तुटता सुटे होतात. त्याच वाफेत हेमिसेल्युलोजवरचे अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसेटिक आम्ल बनतं. व्हिनेगरला आंबट करणारं हेच. वाफ जास्त वेळ दिली की तंतू जास्त आंबट. त्यात कारखान्यातून येणाऱ्या चिपाडात निम्मं पाणी आणि थोडी साखर उरलेली असते. ढीग काही दिवस पडून राहिला की ती आंबते. म्हणून ताजं आणि जुनं चिपाड मिसळू नये.

आंबटपणाला एवढं महत्त्व का? युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन आम्लातच घट्ट होतं. सुक्या तंतूच्या वजनाच्या 8 ते 12 टक्के रेझिन घालतात. अमोनियम सल्फेटचा हार्डनर रेझिनमधल्या मोकळ्या फॉर्मल्डिहाइडशी मिळून आम्ल तयार करतो. तंतू आधीच आंबट असेल, तर गरम प्रेस पूर्ण मिटण्याआधीच वरचा थर कडक होतो. मग तंतू एकमेकांवर दाबले जातात तेव्हा रेझिनमध्ये चिकटण्याची ताकद उरलेली नसते, आणि बोर्डाचा पृष्ठभाग नखाने खरवडला तरी भुगा निघतो. उलट तंतू आम्ल शोषून pH (आंबटपणाचं माप; कमी pH म्हणजे जास्त आंबट) टिकवून धरत असेल, तर आतलं रेझिन कच्चं राहतं. त्यात ओलावा जास्त असला की प्रेस उघडताच वाफेने बोर्ड मधोमध फाटतो.

चाचणी सोपी आहे. 25 ग्रॅम सुका तंतू 250 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 20 मिनिटं उकळा, गाळा, थंड करून pH मोजा. मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून pH 7 वर यायला किती लागतं ते नोंदवा. नुसता pH बघून भागत नाही. दोन खेपांचा pH सारखा असूनही एकीला दुप्पट अल्कली लागू शकते. जास्त लागणाऱ्या खेपेत हार्डनर कमी करा.

उसाच्या गाभ्याचा स्पंजासारखा भुसा वजनाने जवळपास 30 टक्के भरतो. तो रेझिन पिऊन टाकतो, पकड मात्र देत नाही. तो चाळून वेगळा केल्याशिवाय हा सगळा हिशोब जुळत नाही.

पावसाळ्यात अशा बोर्डाच्या किचन ट्रॉलीच्या कडा फुगतात त्यामागेही हेच रसायन आहे. हेमिसेल्युलोज पाणी ओढतं, आणि ओल व उष्णता एकत्र आली की युरिया रेझिनचे बंध तुटतात. मेलामाइन मिसळलेलं रेझिन जास्त टिकतं. तरीही सिंकच्या पाइपसाठी पाडलेली भोकं आणि खालची कापलेली कड सुतारांनी फिटिंगआधीच सील करावी.