रस्त्यावरचे मीठ बर्फाबरोबर नाहीसे होत नाही

थंड देशांत सरकारी यंत्रणा हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते बर्फाबरोबर वाहून जाते, म्हणून त्याचा कोणाला त्रास नाही, हा समज मराठवाड्यातल्या मोबाइलवरही फिरत असतो. (आपल्याकडे बर्फच पडत नसल्याने तो तपासण्याची गरज कोणाला वाटली नसावी.) बर्फ वितळतो, मीठ मात्र पाण्यातच राहते. त्यातला क्लोराइड मातीत कुजत नाही, मातीला फारसा धरूनही राहत नाही, तर पाण्याबरोबर ओढ्यात, तळ्यात आणि भूजलात उतरून वर्षानुवर्षे साचत जातो. मिठातला दुसरा घटक, सोडियम, मातीची घडण बिघडवतो, आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रात चोपण झालेले रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पावसाळ्यात चिकट व उन्हाळ्यात दगडासारखी होणारी जमीन म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली गोड्या पाण्यातील जलचरांसाठी लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड ही दीर्घकालीन मर्यादा सुचवली. सुमारे १९ लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ पडले, की ती जवळपास गाठली जाते.

मीठ कमी केल्यास अपघात वाढतील, हा त्याचाच जोडसमज. मिठाचे कोरडे खडे बरेचसे उडून रस्त्याच्या कडेला जातात. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या राज्यांत ते आधी भिजवतात, किंवा बर्फ पडण्यापूर्वीच सुमारे २३ टक्के मिठाचे पाणी फवारतात, ज्यामुळे बर्फ रस्त्याला घट्ट धरत नाही आणि कमी मिठात काम भागते. रस्ता उणे १० अंशांच्या खाली गेला, की साधे मीठ फारसे चालतच नाही. तेव्हा वाळू टाकतात किंवा दुसरे क्षार मिसळतात.