स्थानिक बीजसंकलन व रोपवाटिका (मराठवाडा)

उजाड डोंगर, गायराने आणि माळराने पूर्ववत व्हावीत म्हणून त्याच परिसरातील वृक्ष, झुडपे व गवते यांचे बी गोळा करून त्यापासून रोपे तयार करण्याचे काम मराठवाड्यात वनविभाग, संस्था आणि गावकरी करतात. या प्रदेशात वनाच्छादन अत्यल्प असून लातूर जिल्ह्यात ते एक टक्काही भरत नाही. सलग जंगल मुख्यतः किनवट-माहूरकडे आणि कन्नडजवळच्या गौताळा परिसरात उरले आहे. त्यामुळे इतरत्र बियांचा खरा साठा म्हणजे देवस्थानांच्या राया, शेतांचे बांध आणि ओढ्याकाठची जुनी झाडे होत.

बी एकाच झाडाचे न घेता परस्परांपासून दूर असलेल्या अनेक निरोगी झाडांचे घ्यावे लागते, नाहीतर सगळी रोपे एकाच कुळातली निघतात. वेळ साधणे त्याहून कठीण असते. पळसाच्या पापड्या उन्हाळ्याच्या अखेरीस वाळतात आणि निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात. निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच घटत असल्याने गर धुऊन, सावलीत सुकवून ती लगेच पेरावी लागते. बहाव्याचे टणक बी मात्र वर्षानुवर्षे टिकते. ते घासून किंवा त्यावर उकळते पाणी ओतून रात्रभर भिजवतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात व रवंथ करताना बी तोंडातून टाकतात, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणलेले बी चांगले उगवते.

माती, वाळू आणि शेणखताने भरलेल्या पिशव्यांत रोपे वाढवताना मुळांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. अंजनाला वर मोजकी पाने असतानाच त्याचे सोटमूळ पिशवीचा तळ गाठून गुंडाळू लागते आणि असे रोप पुढे मुरुमात खोल उतरत नाही. त्यामुळे अंजनाचे बी पावसाच्या सुरुवातीला थेट जागेवर टोकणेच उत्तम. रोपे बाहेर नेण्यापूर्वी पाणी हळूहळू कमी करून ती उन्हाला सरावली जातात.

२०१९ च्या राज्यव्यापी मोहिमेचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. अशा आकड्यांच्या दबावाखाली सहज उगवणाऱ्या गिरिपुष्प, सुबाभूळ या परदेशी झाडांकडे ओढा वाढतो, आणि धावडा, सलई, बिबा, हिवर मागे पडतात. हे नुकसान भरून येणे अवघड आहे. बीडजवळ पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सह्याद्री देवराईत ओसाड डोंगरावर स्थानिक झाडे लावली गेली असून २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले.

सर्वच उघडी जमीन झाडांसाठी नसते. काळवीट आणि धाविक पक्षी ज्या माळांवर राहतात, तेथे दाट वृक्षलागवड केल्यास त्यांचा अधिवासच नाहीसा होतो. अशा ठिकाणी शेडा, मारवेल, कुसळी या गवतांचे बी पावसाळा सरल्यावर खुडून ठेवतात, पुढच्या पावसाआधी शेणमातीत कालवून पसरतात आणि ते मूळ धरेपर्यंत चराई बंद ठेवतात.