पुतळी, मोहर, गिन्नी : कोरं नाणं दुर्मिळ कसं झालं

कोल्हापुरात जुनं सोन्याचं नाणं दिसणं नवलाचं नाही. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, एखादी पुतळ्यांची माळ मोडीत येते, कुणाच्या देव्हाऱ्यातून व्हिक्टोरियाची गिन्नी निघते. नवल आहे ते कोरं नाणं दिसण्याचं. भोक नाही, कडी नाही, उजाळा नाही, असं. संग्राहक सोन्याच्या भावावर जादा पैसे मोजतो ते याच कोरेपणाचे.

पुतळी मुळात व्हेनिसचं डुकाट. १२८४ ते १७९७ अशी पाचशे वर्षं ते पाडलं गेलं. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक. आपल्या लोकांना त्या दोन पुतळ्या दिसल्या आणि नाव पडलं. व्यापाराबरोबर नाणं इकडं आलं, मग इथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. नकलेत लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असतात. अस्सल असो वा नक्कल, शेवट एकच : कडीला डाख (सांधा जोडणारा धातू) आणि गळ्यात माळ.

त्याआधीची इथली नाणी पाहिली तर देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक हाताळायला वेगळेच. पावणेचार ग्रॅमच्या आसपासचा वाटीसारखा खोलगट तुकडा, त्यावर मधे कमळ आणि भोवती श्री, राजाचं नाव वगैरे सुटे छाप एकेक करून मारलेले. हात जरा सरकला की नाव अर्धं बाहेर. म्हणून इथं झीज नंतर, आधी किती छाप पूर्ण उमटलेत ते बघतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ असा मजकूर असलेला १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला होन तर अगदी मोजकाच उरला आहे. बाजारात ‘घरातला होन’ म्हणून येतात त्यांतल्या बहुतेक प्रतिकृती असतात, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची मोहर १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची (११.६६ ग्रॅम) झाली, सोनं बावीस कॅरट. मोडीचा हिशेब इतका सोपा झाल्यावर ती मुशीत जाणं ओघानंच आलं. गिन्नी, म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन, ७.९९ ग्रॅमची. १८९९ पासून तिचा कायदेशीर दर १५ रुपये होता. महायुद्धाच्या काळात १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत त्याच वजनाचं १५ रुपयांचं नाणं निघालं आणि त्याच वर्षी मुंबईची गिन्नीही. ही गिन्नी ओळखायची खूण : मागच्या बाजूला घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर मधोमध बारीक रोमन ‘आय’.

नाणं हातात आलं की आधी वजन, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. गिन्नी ७.९४ च्या खाली असेल तर फार झिजली किंवा तासली आहे. पाण्यात बुडवून तोलली तर वजन सुमारे ०.४५ ग्रॅमने कमी भरावं. जास्त घट आली तर धातू हलका. पण एवढ्यानं निश्चिंत होऊ नये, पुऱ्या सोन्याच्याही बनावट गिन्न्या आहेत. मग दहापट भिंगाखाली कड फिरवून पाहायची. कडी काढलेल्या जागी डाखाचा फिकट डाग राहतो, किनारीचे दाते तिथं बुजतात किंवा कानशीनं नव्यानं कोरलेले असमान दिसतात. भोक बुजवलेलं असेल तर त्या जागची अक्षरं जाड आणि मऊ होतात. सोनाराचा उजाळा तर सगळ्यात वाईट : नाणं लखलखतं, पण पृष्ठभागाची मूळ झळाळी कायमची जाते. कसोटीवर घासून कस पाहू देऊ नये, ओरखडा पुसता येत नाही.

१९६३ च्या सुवर्णनियंत्रणानं या नुकसानीत भर घातली असावी. दागिन्यांखेरीज सोनं जाहीर करावं लागे; सुट्या नाण्यापेक्षा माळेतलं नाणं निर्धास्त वाटणं साहजिक होतं. त्याच नियंत्रणाचा १९६८ चा कायदा १९९० ला रद्द झाला. दरम्यान अमेरिकेत १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटांसाठी मांडलेली नाण्याच्या स्थितीची १ ते ७० ची श्रेणी सोन्यालाही लागू झाली होती, आणि पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या तिथल्या कंपन्या नाणी तपासून डबीत बंद करू लागल्या होत्या. ६० किंवा त्यावर म्हणजे चलनात न फिरलेलं. कडीचा डाग किंवा उजाळा दिसला की आकडा मिळत नाही, डबीवर दोष लिहून येतो.

परदेशी पाठवण्याआधी साल बघावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिन्नीही आता त्यात मोडते. शेतात किंवा घराचा पाया खणताना सापडलेलं नाणं तर १८७८ च्या कायद्यानुसार आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. किंमत दहा रुपयांवर असली की तो लागू होतो.